मारिओचे साडेअकरा कोटी आणि आपली कॅसेट

नव्वदच्या दशकात आमच्या अंबड-सिडकोकडे व्हिडिओ गेम म्हणजे मारिओ, कॉन्ट्रा आणि '९९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडोचं, १९८३ सालचं. आपल्या घरांत आली ती बहुतेक त्याची नक्कल. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची आणि परत खोचायची. खोकं कोण जपून ठेवतंय? ते कधीच रद्दीत गेलेलं.

पुढे नेमका त्या खोक्यालाच भाव आला! ११ जुलै २०२१ला अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ६४'ची एक न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. दोनच दिवस आधी 'द लेजंड ऑफ झेल्डा'ची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती.

आता गंमत बघा. मारिओ ६४ हा १९९६चा गेम जगभर एक कोटीहून जास्त खपलाय. म्हणजे गेम दुर्मिळ नाहीच, दुर्मिळ आहे ते त्याचं न फाटलेलं प्लास्टिक! 'वाटा' नावाच्या कंपनीने या प्रतीला १०पैकी ९.८ गुण दिले होते. खरे पैसे त्या गुणांचे. पुढे २०२२मध्ये याच कंपनीविरुद्ध बाजार मुद्दाम फुगवल्याचा आरोप करणारा दावा अमेरिकेत दाखल झाला.

जुन्या वस्तूकडे बघायची दुसरीही एक रीत आहे, आणि तिचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. १९०६ साली गोदाकाठच्या जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. गुण देणारा म्हणेल, नाणं बिघडलं. इतिहासकाराला मात्र त्या ठशावरूनच कळलं की कोणी कोणाचं राज्य घेतलं. वस्तू कोणाच्या हातून गेली, हीच तर तिची गोष्ट. कॅसेटवर स्केचपेनने लिहिलेलं पोराचं नावही तसंच. लिलावात त्याचे शून्य गुण, घरात मात्र तेवढाच पुरावा.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. असले आकडे वाचले की माळ्यावरच्या डब्यात आपलंही घबाड दडलंय असं वाटायला लागतं, आणि ठग नेमके त्याचीच वाट बघत असतात. त्या मारिओनंतर महिन्याभरातच, ४ ऑगस्ट २०२१ला, रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या ऑनलाइन व्यवहारात काही जण बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून फी, कमिशन, कर मागत होते. बँकेने स्पष्ट सांगितलं की आम्ही अशा व्यवहारांत नाही आणि अशी फी घेतही नाही.

तेव्हा काका-मामा मंडळी, दोन गोष्टी लक्षात ठेवा. साइटवर कोणी लिहिलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. मी उद्या चमच्यापुढे दहा लाख लिहीन, कोण अडवणार? आणि आपली वस्तू घ्यायच्या आधी जो आपल्याकडेच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे. 'रजिस्ट्रेशनचे फक्त दोन हजार भरा' असा फोन आला तर भरण्याआधी घरातल्या कोणाला तरी विचारा. कोणी हसणार नाही.