जर्मनचं पातेलं आणि चहाचं पान

पौडच्या बाजारात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं मागितलं तर दुकानदार आता स्टीलचं पुढे करतो. जर्मनमध्ये चहा उकळला तर मेंदूला बाधतं, हे आमच्या मुळशी खोऱ्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी झालं आहे. माझी सगळी नोकरी या तालुक्यात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून हे स्पष्ट सांगते: चहात उतरणारं ॲल्युमिनियम बहुतांशी चहाच्या पानातलंच असतं. पातेल्याला दोष द्यायचाच तर तो साराच्या बाबतीत द्यावा.

आधी चहाची वाट. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले यांच्यासह बऱ्याच मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली आणि प्रकरण ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, नि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. पुढे १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसला. त्या पैशातून देशभर प्रचार झाला, रेल्वे स्टेशनांवर चहा पाजला गेला. प्रचारक शिकवत की उकळतं पाणी पत्तीवर ओता आणि झाकून ठेवा. आपण मात्र पत्ती, दूध, साखर किंवा गूळ सगळं एकत्र रटरटवलं. १९३० च्या सुमारास आसामात पान चिरडून दाणे करणारं सीटीसी यंत्र निघालं. त्याची बारीक दाणेदार भुकटी या उकळण्याला अगदी सोयीची पडली, कारण कण जितका लहान तितका अर्क लवकर उतरतो.

पातेलं आलं वेगळ्या वाटेने. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. धातू परदेशी होता. हा धातू म्हणजे विजेचा भस्म्या: एका किलोला साधारण पंधरा युनिट. मुळशीच्या पाण्याची वीज १९२७ पासून भिऱ्याहून मुंबईकडे जाऊ लागली. देशातला पहिला ॲल्युमिनियम कारखाना मात्र १९४३ मध्ये केरळातल्या अलुपुरमला, तिथल्या जलविद्युतेवर उभा राहिला. माझ्या सासरचं जुनं गाव मुळशीच्या धरणात गेलं. १६ एप्रिल १९२१ ला त्या धरणाविरुद्ध सुरू झालेला सत्याग्रह आजेसासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. उठताना नेलेली तांब्या-पितळेची भांडी पुढे अडीअडचणीला मोडीत गेली आणि चुलीवर जर्मन आलं. हलकं, स्वस्त, कल्हईची कटकट नाही.

आता पान. आम्लधर्मी जमिनीत ॲल्युमिनियम सुटं होतं आणि बहुतेक पिकांची मुळं खुंटतात. चहाचं झाड उलट ते शोषून पानात साठवतं. कोवळ्या शेंड्यात थोडं, तर जून पानात कोरड्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंतही. लिटरभर चहात त्यातलं साधारण दोन ते सहा मिलिग्रॅम उतरतं, भांडं स्टीलचं असो वा काचेचं. पाच मिलिग्रॅम धरा. शंभर मिलिलिटरचे पाच कप रोज घेतले तर आठवड्याला सतरा-अठरा मिलिग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आठवड्याची मर्यादा दर किलो वजनामागे दोन मिलिग्रॅम ठरवली. साठ किलोच्या माणसाला एकशेवीस. शिवाय चहातलं बरंचसं ॲल्युमिनियम त्यातल्या पॉलिफेनॉलांनी धरून ठेवलेलं असतं, रक्तात शिरतं ते एक टक्क्याहूनही कमी.

पातेलं काय करतं, ते माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दिसायचं. राखेने घासून लख्ख केलेल्या जर्मनमध्ये नुसतं पाणी तापवलं की आत काळसर थर धरायचा. त्याच पातेल्यात आमसुलाचं सार केलं की ते आतून चकचकीत निघायचं. सासूबाईंना ते आवडायचं. पण आम्लाने तो थर विरघळून सारात गेलेला असतो, आणि वाढायच्या वेळेपर्यंत सार पातेल्यातच राहिलं तर खालचा धातूही थोडाथोडा उतरत राहतो.

मेंदूची भीती उगाच उठलेली नव्हती. १९७६ मध्ये अमेरिकेत डेनव्हरचे डॉक्टर ऑल्फ्री यांनी डायलिसिसवरच्या रुग्णांना होणाऱ्या मेंदूविकाराचा संबंध ॲल्युमिनियमशी जोडला. ते डायलिसिसच्या पाण्यातून थेट रक्तात जात होतं, आणि बाहेर टाकायला मूत्रपिंडं शाबूत नव्हती. निरोगी माणसाच्या कपभर चहाशी त्याची बरोबरी होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच चहाचं प्रमाण ठरवावं, आणि कोऱ्या चहात लिंबू पिळणं टाळावं. लिंबातल्या सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम आतड्यातून जास्त शोषलं जातं.