शेळ्या-मेंढ्यांवर रात्रीचा हल्ला : गोळी कोणती नव्हे, गोठा कसा?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात रात्री शेळ्या-मेंढ्यांवर हल्ला करणारे प्राणी भागानुसार वेगळे आहेत. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर या तालुक्यांच्या माळरानावर लांडगा आणि कोल्हा आहे. अकोले, संगमनेर, राहुरी, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या बागायती व उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. एका रात्रीत दोन-चार शेळ्या गेल्या की अल्पभूधारक कुटुंबाचे वर्षाचे गणित बिघडते. अशा वेळी "बंदुकीचा परवाना मिळेल का, कोणते काडतूस चालेल" असा प्रश्न हमखास विचारला जातो. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर आणि नुकसान प्रत्यक्षात थांबवणारे उपाय दिले आहेत.

काडतुसाच्या प्रश्नाचे थेट उत्तर

मोबाईलवर अमेरिकेतील कोयोटीच्या रात्रीच्या शिकारीचे व्हिडिओ सहज दिसतात. कोयोटी हा लांडगा-कोल्ह्याच्या कुळातील, आकाराने दोघांच्या मधला प्राणी आहे. तेथील बहुतेक राज्यांत त्याची शिकार कायदेशीर असल्याने पॉइंट २२३ घ्यावे की पॉइंट २४३ अशी चर्चा होते. ती माहिती आपल्याकडे लागू होत नाही. शिवाय शंभराहून अधिक वर्षे मारूनही कोयोटी तेथे कमी झाला नाही, उलट जवळपास संपूर्ण उत्तर अमेरिकेत पसरला.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) बिबट्या, लांडगा, तरस आणि कोल्हा हे सर्व पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणात आहेत. यांच्या शिकारीस किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फासे लावणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारच आहे.

परवान्याबाबत तीन गोष्टी स्पष्ट असू द्या.

• शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. मात्र तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, वन्यप्राणी मारण्याचा नाही.

• पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. शेळी मारली हे कारण त्यासाठी पुरत नाही.

• रानडुक्कर व रोही (नीलगाय) दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी त्यांच्याबाबत परवानगीची तरतूद आहे. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ही परवानगी लांडगा-कोल्ह्याला लागू होत नाही.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर कायदा संरक्षण देतो. पण अशा वेळीही प्राण्याचे शव सरकारची मालमत्ता असते आणि घटना लगेच वनविभागाला कळवावी लागते.

याशिवाय अंधारातील गोळीचा धोका वेगळाच. पॉइंट २२ ची लहान गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आपल्याकडे शेताशेतात वस्त्या आहेत, रात्री पाणी भरणारी माणसे असतात, तोडीच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. चकाकणारे डोळे लांडग्याचे आहेत की शेजाऱ्याच्या कुत्र्याचे, हे रात्री खात्रीने सांगता येत नाही.

हल्ला कशामुळे थांबतो : अकोल्यातील अभ्यास

संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील शेती-वस्तीच्या भागात बिबट्यांचा अभ्यास केला. तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून त्यांचे खाद्य मोजले, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा फक्त ११ टक्के निघाला. प्रत्यक्षात त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती.

सातपट असूनही शेळ्या कमी का खाल्ल्या गेल्या? शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि दिवसा त्यांच्यासोबत माणूस असतो. कुत्री मोकळी फिरतात. बिबट्या सोपे असेल ते उचलतो. म्हणजे नुकसान किती होणार हे बऱ्याच अंशी आपल्या गोठ्याच्या दारावर ठरते.

"मग बिबट्या पकडून दूर सोडा" ही मागणीही तपासून झाली आहे. शेजारच्या जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ दरम्यान बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्या काळात तेथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढले.

आधी प्राणी ओळखा

उपाय प्राण्यानुसार बदलतो. म्हणून सकाळी पायखुणा पुसण्यापूर्वी पाहणी करा व मोबाईलवर फोटो काढा.

• बिबट्या : गळ्यावर खोल सुळ्यांच्या खुणा. जनावर ओढत किंवा उचलून आडोशाला नेलेले. ठसा गोलसर, नखे उमटत नाहीत. भिंत किंवा झाड चढून येतो.

• लांडगा : गळा, मांड्या व मागच्या भागावर चावे. ठसा लांबट, नखे उमटतात. कळपात शिरल्यास एकाहून अधिक मेंढ्या मारू शकतो. फटीतून, खालून उकरून किंवा बुटक्या कुंपणावरून येतो.

• कोल्हा : मुख्यतः करडे, कोकरे व कोंबड्या. मोठी शेळी सहसा मारत नाही. शेतातील उंदीर हे त्याचे नेहमीचे खाद्य असल्याने तो पिकाला उपयोगीही आहे.

• मोकाट कुत्री : अंगभर वेडेवाकडे चावे, बरीच जनावरे जखमी, मांस फारसे खाल्लेले नाही. अनेकदा कुत्र्यांच्या हल्ल्याचा दोष लांडग्यावर जातो.

बंदिस्त गोठा : काय असावे

१. छप्पर किंवा वरून जाळी आवश्यक. बिबट्या ८-१० फुटांची भिंत चढू शकतो. फक्त उंच भिंत बांधून वर उघडे ठेवले तर शेळ्या आत अडकतात आणि नुकसान वाढते.

२. चारही बाजूंना जाड तारेची वेल्ड केलेली जाळी, भोक २ इंचांपेक्षा मोठे नको. कोंबड्यांची पातळ जाळी बिबट्या किंवा लांडगा फाडतो.

३. जाळी जमिनीत किमान १ फूट गाडावी किंवा कडेने दगड-काँक्रीट भरावे, म्हणजे खालून उकरता येत नाही.

४. दार लोखंडी चौकटीचे, तळाशी फट नसलेले, बाहेरून कडी असलेले. पोते, झाप किंवा काटेरी फांदी म्हणजे दार नव्हे.

५. गोठा घराजवळ असावा. ऊस, मका, घासाचे उंच पीक किंवा झुडपे गोठ्याला लागून नकोत. भोवतीची जागा मोकळी ठेवावी.

६. मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. त्यामुळे मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

७. पाळीव कुत्रेही रात्री बंदिस्त ठेवावे. दारात साखळीने बांधलेले कुत्रे बिबट्यासाठी आमिष ठरते.

लुकलुकणारे सौर दिवे, रेडिओ यांचा उपयोग होतो, पण प्राण्याला सवय लागते. जागा व वेळ बदलत राहा. त्यांना गोठ्याचा पर्याय समजू नका. कुंपणात थेट विजेचा प्रवाह कधीही सोडू नये. त्याने माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे. सौर कुंपण हवे असल्यास झटका देणारे प्रमाणित यंत्रच वापरावे. अनुदानाबाबत वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी.

फिरत्या वाड्यासाठी

ढवळपुरी परिसरासारख्या ठिकाणच्या मेंढपाळांना पक्का गोठा सोबत नेता येत नाही. त्यांनी पुढील काळजी घ्यावी.

• वाडा ऊस, ओढा, नाल्यापासून दूर, मोकळ्या रानात बसवावा.

• वाघर ताणून, खालून खुंट्या मारून लावावी. सैल वाघरीखालून लांडगा शिरतो.

• कोकरे डालग्याखाली, वाड्याच्या मध्यभागी ठेवावीत. आजारी व लंगडी मेंढी कडेला बसू देऊ नये.

• माळरानावर किमान दोन-तीन राखणदार कुत्री असावीत. त्यांचे रेबीजचे लसीकरण वेळेवर करावे.

• पहाटेच्या वेळी एक माणूस जागा असावा. उघड्यावर एकट्याने झोपू नये.

हल्ला झाल्यास : नुकसान भरपाई

बिबट्या, लांडगा, तरस व कोल्हा यांच्या हल्ल्यात पशुधन मेल्यास राज्य शासन भरपाई देते. २०२२ च्या शासन निर्णयानुसार मेंढी-शेळीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, आणि गाय, म्हैस, बैल यांसाठी ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यापैकी कमी असेल ती रक्कम मिळते. उदाहरणार्थ, १० हजार रुपयांच्या ४ शेळ्या गेल्यास ३० हजार रुपये मिळू शकतात. बदला म्हणून विष घातल्यास मात्र भरपाईऐवजी अटकेची वेळ येते.

१. मृत जनावर जागेवरून हलवू नका. झाकून ठेवा.

२. ४८ तासांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा जवळच्या वन कार्यालयाला कळवा. वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे.

३. पशुधन विकास अधिकारी व वनविभाग यांच्या उपस्थितीत पंचनामा करून घ्या. पायखुणांचे फोटो दाखवा.

४. अर्जासोबत आधार व बँक पासबुकाची प्रत द्या, पंचनाम्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

ऊसतोडीत बिबट्याचे बछडे दिसल्यास हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. त्या फडातील तोड थांबवून वनविभागाला कळवा. बछडे तेथेच राहिल्यास मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. बछडे उचलून नेल्यास ती परिसरात शोधत फिरते आणि माणसांना धोका वाढतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात हल्ला झाल्यावर पहिल्या आठवड्यात शेतकरी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. त्या वेळी आजूबाजूच्या वस्त्यांवरील गोठे पाहून उघडे छप्पर, तुटलेले दार आणि लागून असलेला ऊस या तीन गोष्टींची यादी करा. दुरुस्तीची सुरुवात ज्यांच्याकडे सर्वांत कमी शेळ्या आहेत त्यांच्यापासून करा. हल्ल्याची झळ त्यांना सर्वाधिक बसते आणि गोठ्यावर खर्च करणेही त्यांनाच सर्वांत अवघड जाते.