कडता

मी पाच वर्षं आमच्या तालुक्याच्या बाजार समितीवर संचालक होतो. लोकांना वाटायचं, याला काहीतरी मिळत असणार. मिळायचा तो बैठकीचा भत्ता. त्यात एसटीचं तिकीट अन् दोन चहा भागायचे. बाकी दिवस पदरमोड. सुगीच्या दिवसांत घरची कामं टाकून सकाळी दहाला लिलावाच्या ओट्यावर हजर राहायचं, तर बायको म्हणायची, 'आपल्या रानात मजूर अन् तुम्ही लोकांच्या काट्यापाशी.'

ही समिती आली कुठून, हे मला संचालक झाल्यावरच कळलं. देशातला पहिला नियमाचा बाजार १८८६ साली कारंजाला कापसासाठी सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं, कारभार इंग्रजांचा. इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस पाहिजे होता, म्हणून ही काळजी. १८९७ साली वऱ्हाडात कायदा झाला. पण समितीवर कोण? नगरपालिकेची माणसं अन् व्यापारी. कापूस पिकवणाऱ्याला तिथं जागाच नव्हती. आमच्या मराठवाड्यात निजाम सरकारनं १३३९ फसलीत, म्हणजे इंग्रजी १९३० साली, बाजाराचा कायदा केला. पुढं महाराष्ट्र झाला, १९६३ चा कायदा आला, तो १९६७ पासून लागू झाला. आज चालतो तो हाच, डागडुजी करत करत.

कायदा कागदावर येणं वेगळं अन् ओट्यावर येणं वेगळं. माझे आजोबा हाली रुपयाच्या काळात मानवतच्या पेठेत बैलगाडीनं कापूस न्यायचे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास झाली अन् मानवत, सेलू, परभणी या पेठांना बरकत आली. आजोबा सांगायचे, आडत्या अन् खरेदीदार एकमेकांचा हात धरायचे, वर उपरणं टाकायचे, अन् आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेजारी उभा. त्याला भाव कळायचा पट्टी हातात पडल्यावर. त्या पट्टीत आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, गोशाळा, वटाव असे एकाखाली एक आकडे. आजोबांना वाचता येत नव्हतं. आकडे किती ओळीत आहेत तेवढं ते मोजायचे.

उघडा लिलाव, समितीनं परवाना दिलेला मापाडी, त्याच दिवशी रोख पैसे, हे सगळं नव्या कायद्यात आलं. उपरणं गेलं. पण कडता राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धान्य पोत्यासकट काट्यावर जातं, म्हणून पोत्याच्या वजनाची कापणी करतात, तो कडता. आमच्याकडं क्विंटलच्या पोत्यामागं दोन किलो धरायचे. कधीपासून, कुणाला सांगता येईना. 'चालत आलंय' एवढंच उत्तर. बैठकीत हा विषय दोनदा निघाला अन् चहा आल्यावर बाजूला पडला. तिसऱ्या वेळी आमच्यातले हमालांचे प्रतिनिधी उठले अन् बाहेरून एक रिकामं पोतं घेऊन आले. आम्ही सगळे काट्यापाशी गेलो. पोतं भरलं किलोपेक्षा थोडं कमीच. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, तेवढंच. आता हिशेब करा. दिवसाला हजार पोती आली, तर पोत्यामागं एक किलोप्रमाणं दहा क्विंटल माल फुकट जात होता.

ठराव झाला, कडता एक किलो. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केला.

ते दिवस दिवाळीच्या तोंडाचे. आवारात सोयाबीनच्या गाड्या उभ्या. आम्हाला वाटलं, शेतकरी आमच्या मागं उभे राहतील. शिव्या आम्हालाच बसल्या. एक जण म्हणाला, 'दोन काय, तीन किलो कापा, पण माझं माप करा, पोरीचं बाळंतपण आहे.' त्याला काय उत्तर द्यावं? एका किलोसाठी त्याचं पोतं अडलं होतं अन् आमचं पोतं घरी कोठीत होतं. अडलेल्या माणसाला तत्त्व सांगू नये, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

तिथं शेतमाल तारण योजना कामी आली. राज्याच्या पणन मंडळानं ही १९९० च्या सालात सुरू केलेली. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम कर्जाऊ घ्यायची, सहा महिन्यांत भाव पाहून विकायचा. व्याज हल्ली सहा टक्के आहे. चांगली योजना, पण गोदामाला कुलूप अन् कुलपाला गंज. आम्ही गोदाम झाडून घेतलं अन् ज्याला निकड होती त्याचा माल आत घेतला. बाळंतपणवाल्याचा पहिला. चौथ्या दिवशी लिलाव निघाला, कडता एक किलोनं. कागदावर कुणी सही केली नाही, कुणी जिंकलं नाही. नुसता काटा सुरू झाला.

समितीवर निवडून येतात अठरा जण. सोसायट्यांचे अकरा, ग्रामपंचायतींचे चार, व्यापाऱ्यांचे दोन, हमाल-मापाड्यांचा एक. कारंजाच्या काळात शेतकऱ्याला खुर्ची नव्हती, आता पंधरा आहेत. पण मत टाकतात सोसायटीचे संचालक अन् ग्रामपंचायतीचे सदस्य. मीही त्यांच्याच मतांवर गेलो. जो माल घेऊन येतो त्याला मत नाही. २०१७ साली दहा गुंठ्यांच्या खातेदारालाही मत दिलं होतं. २०२० साली ते काढून घेतलं. निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपत नाही म्हणाले. खर्च होतोच, खोटं नाही. पण सहलीला नेता येतील एवढेच मतदार असले की कुणाचं काम सोपं होतं, तेही तुम्ही ओळखा.

आता आमच्या गावातच पत्र्याच्या छपरात खरेदी होते. भाड्याची गाडी वाचते, पैसे लगेच मिळतात, म्हणून लोक तिथंच घालतात. मीही घालतो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, भाव मोबाईलवर दिसतो. तिथं ना मापाडी परवान्याचा, ना कुणी संचालक उभा. गेल्या सुगीत पट्टी पाहिली. पोतं आता प्लॅस्टिकचं असतं, पाव किलोसुद्धा भरत नाही. कडता एक किलो.