धर्मग्राम, मिस्सा आणि चर्चची वास्तू

चर्च म्हणजे रविवारी प्रार्थनेसाठी भरणारी इमारत, असा सर्वसाधारण समज आहे. कॅथलिक परंपरेत मात्र वास्तूच्या आधी समुदायाचा विचार केला जातो. या स्थानिक समुदायाला वसईतील मराठी भाषक कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात. जगभरातील श्रद्धावंतांच्या व्यापक समुदायासाठी ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द रूढ आहे.

धर्मग्राम कोणाचा?

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेनुसार, बिशपच्या अधिकाराखाली एका प्रमुख धर्मगुरूंकडे सोपविलेला श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय म्हणजे धर्मग्राम. बहुतेक धर्मग्रामांना भौगोलिक हद्द असते आणि तेथे वास्तव्य करणारी कॅथलिक व्यक्ती त्या धर्मग्रामाची घटक ठरते. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, तर जयपूर धर्मप्रांत २००५ मध्ये अजमेर-जयपूर धर्मप्रांताच्या विभाजनातून अस्तित्वात आला.

या व्यवस्थेचा प्रत्यय स्थलांतर करणाऱ्यांना विशेष येतो. समजा, वसईतील एखादे कुटुंब नोकरीनिमित्त जयपूरच्या खातीपुरा भागात गेले. तेथे किमान तीन महिने राहण्याचा इरादा असल्यास, त्या परिसराचा धर्मग्राम हाच त्यांचाही धर्मग्राम होतो. त्यासाठी वेगळे सदस्यत्व घ्यावे लागत नाही. मात्र त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद वसईतील मूळ नोंदवहीतच राहते. पुढे विवाह कोठेही झाला, तरी त्याची माहिती बाप्तिस्म्याच्या ठिकाणी कळविली जाते आणि जुन्या नोंदीसमोर लिहिली जाते. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे हे प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्य आहे.

वेळापत्रकामागील नियम

चर्चच्या फलकावर लिहिलेल्या मिस्सांच्या वेळा केवळ सोयीनुसार ठरत नाहीत. रविवारच्या मिस्सेत सहभागी होणे हे प्रत्येक कॅथलिक व्यक्तीचे कर्तव्य मानले जाते. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला उपस्थित राहूनही ते पूर्ण करता येते. रविवारी कामावर जाणाऱ्यांना या तरतुदीचा आधार मिळतो.

दुसरीकडे, धर्मगुरूंनी सामान्यतः दिवसातून एकच मिस्सा अर्पण करावी, असा नियम आहे. धर्मगुरूंची संख्या अपुरी असल्यास बिशप दोन, तर रविवारी व बंधनकारक सणांना गरजेनुसार तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात. एकाच धर्मगुरूंवर भिस्त असलेल्या धर्मग्रामात वेळा मर्यादित का असतात, याचे उत्तर या नियमात सापडते. प्रत्येक रविवारी एक मिस्सा धर्मग्रामातील लोकांसाठी अर्पण करण्याचे बंधनही प्रमुख धर्मगुरूंवर असते.

वर्षभराचे वेळापत्रक मुख्यतः दोन सणांभोवती फिरते. नाताळ २५ डिसेंबरला येतो. ईस्टरची तारीख मात्र बदलती असून ती २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात पडते. त्यापूर्वी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ पाळला जातो. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. त्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारा विधी होतो. पुनरुत्थानाचा जागर शनिवारी अंधार पडल्यानंतर सुरू होतो.

भाषेचा प्रश्न

जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची परंपरा इतकी जुनी असली, तरी मिस्सेची भाषा त्यानंतरही साडेतीनशे वर्षे लॅटिनच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. वसईच्या गावांत घराघरांतून सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली कानी पडते. चर्चमधील उपासना प्रमाण मराठीत होते. परप्रांतात गेलेल्या मराठी कॅथलिकांना हीच सोय सर्वप्रथम दुरावते. विशिष्ट भाषकांसाठी स्वतंत्र धर्मग्राम स्थापण्याची तरतूद संहितेत आहे. पण हा निर्णय बिशपांचा असतो.

वास्तूचा अर्थ

उपासनेसाठी असलेली आणि जिथे प्रवेश करण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे अशी पवित्र वास्तू, अशी चर्चची व्याख्या संहितेत केलेली आहे. उपासनेच्या वेळी प्रवेश मुक्त आणि विनाशुल्क असला पाहिजे. मिस्सेतील पवित्र भाकर जिथे जतन केली जाते, ते चर्च गंभीर कारण नसेल तर दररोज काही तास खुले ठेवावे, असाही दंडक आहे. त्या मंजूषेजवळ सतत तेवणारा दिवा हे ख्रिस्ताच्या उपस्थितीचे चिन्ह होय. वेदी हे वास्तूचे केंद्र मानले जाते, तर बाप्तिस्म्याचे कुंड हे ख्रिस्तसभेतील प्रवेशाचे स्थान.

वास्तू आणि समुदाय यांतील फरक वसईत स्पष्ट दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. किल्ल्यातील अनेक चर्च पुढे भग्न झाली. आज हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. किल्ल्याबाहेरच्या गावांतील ख्रिस्ती समाज मात्र टिकून राहिला. १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद प्राप्त झालेले वसईचे गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण हा समाज आजही करतो.

वास्तू मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाली, तर तिचे धार्मिक पावित्र्य संपते, असे संहिता सांगते. धर्मग्राम मात्र त्यामुळे बरखास्त होत नाही. तो रद्द करायचा असेल, तर बिशपांना धर्मगुरूंच्या मंडळाचे मत आधी ऐकून घ्यावेच लागते.