कर्ण्यात बुडालेली हाक

केजमध्ये कॉलेजच्या मैदानावर कबड्डीचे सामने असोत नाहीतर गल्लीतून वरात निघालेली असो, कर्णा लागतोच. गाण्याला माझी ना नाही. पण आज आवाजाला जी मर्यादा आहे, तिच्यामागे एक मुलगी आहे.

१३ वर्षांची होती. तिच्यावर अत्याचार झाला. ती ओरडली, पण शेजारी कर्ण्यावर गाणी एवढ्या मोठ्यानं चालली होती की तिची हाक कुणाच्या कानापर्यंत गेलीच नाही. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला पेटवून घेतलं. या घटनेवरून अनिल मित्तल नावाच्या इंजिनिअरनं १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका टाकली. २००० साली केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि १८ जुलै २००५ ला न्यायालयाचा निकाल आला.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा बंद. वस्तीत आवाज दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. म्हणजे दिवसासुद्धा आपण शेजारणीशी बोलतो साधारण तेवढाच! सणावाराला सरकार १२ पर्यंत सूट देतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. शिवाय कर्णा लावायला लेखी परवानगी लागते. पुढच्या सामन्यांच्या वेळी गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन संयोजकांकडे तो कागद बघायला मागा. दहानंतरही वाजत राहिला, तर ११२ ला फोन करा.