हायलंड गाय आणि तिचा ‘फोल्ड’

१. फोल्ड : स्कॉटलंडमध्ये इतर गुरांचा ‘हर्ड’ असतो, हायलंड गायींचा मात्र ‘फोल्ड’. पूर्वी त्यांना रात्री दगडी भिंतींच्या उघड्या आवारात कोंडत, त्यावरून हे नाव पडले. भाषांतरात म्हणूनच ‘कळप’ न करता ते तसेच ठेवले आहे.

डोळ्यांवर झिपऱ्या, दोन्हीकडे पसरलेली लांब शिंगे : पर्यटकांना ही गाय फोटोपुरतीच ठाऊक. शेतकऱ्याला मोल आहे ते तिच्या दुहेरी केसांचे. वरचे लांब, तेलकट केस पावसाचे पाणी निथळून टाकतात, आतली मऊ लव ऊब धरते. त्यामुळे कातडीखाली चरबीचा जाड थर लागत नाही. मांस कमी चरबीचे निघते आणि हिवाळ्यातही बंदिस्त गोठ्याचा खर्च वाचतो. इतर गुरे तोंड लावणार नाहीत असले राठ गवतही ती चरते.

खोट म्हणजे वाढ संथ. पेंड-धान्याविना, निव्वळ गवतावर जनावर तयार व्हायला साधारण अडीच वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. १९९६ मध्ये ‘मॅड काऊ’ रोगामुळे ब्रिटनने ३० महिन्यांवरील गुरांचे मांस खाण्यासाठी विकण्यावर बंदी घातली, तेव्हा नेमका हा संथपणा नडला. (ती बंदी २००५ मध्ये उठली.) घाऊक बाजारात थांबून वाढवल्याचा मोबदला क्वचितच मिळतो. म्हणून छोटे शेतकरी मांस दोन-तीन आठवडे थंड खोलीत टांगून मुरवतात आणि पेट्या भरून थेट गिऱ्हाइकांना विकतात. पैदाशीची जनावरे जातात ओबानच्या लिलावात. त्यांची वंशावळ १८८४ साली स्थापन झालेल्या हायलंड कॅटल सोसायटीकडे नोंदवलेली असते. — संपा.