सरकारी खरेदीतला आपला वाटा आणि परदेशी व्यापार करार



बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर, १९१७ च्या सुमारास, बाबासाहेबांनी शेअर व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचे थांबले आणि तो बंद पडला. बाजाराला जात नसते असे सांगणाऱ्यांनी हे एक उदाहरण आधी वाचावे.

आज बाजारातला मोठा गिऱ्हाईक सरकार आहे. औषधे, गणवेश, खुर्च्या, रस्ते, सगळे ते विकत घेते. पूर्वी कायम कर्मचारी करत ती कितीतरी कामे आता कंत्राटावर जातात. म्हणजे जो पैसा पगारातून, आरक्षणासह, आपल्या घरात येत होता तो आता टेंडरच्या वाटेने जातो. या वाटेवर आपला हक्क किती, आणि परदेशांशी होणारे करार त्याला कुठे येऊन भिडतात, हे आपण शिकलेल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

इतिहास पाहू. १९४७ च्या गॅट कराराचे मुख्य सूत्र असे होते की परदेशी मालाला देशी मालापेक्षा कमी वागणूक द्यायची नाही. भारत या कराराचा मूळ सदस्य. पण त्याच कराराच्या तिसऱ्या कलमात सरकारी खरेदी या सूत्रातून वगळली होती. स्वतःच्या तिजोरीतून कोणाकडून घ्यायचे हे प्रत्येक सरकारने ठरवावे, असा त्याचा अर्थ. पुढे श्रीमंत देशांना तेही दार उघडायचे होते. १९७९ मध्ये पहिली खरेदी संहिता झाली. १९९४ मध्ये माराकेशला सरकारी खरेदी करार झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो सही करणाऱ्या देशांनाच बांधतो. भारताने सही केलेली नाही, २०१० पासून तो निरीक्षक आहे.

आता खरा धडा. अमेरिकेने या करारावर सही केली, पण आपल्या परिशिष्टात लिहून ठेवले की लहान आणि अल्पसंख्याक मालकीच्या उद्योगांसाठी राखीव खरेदीला हा करार लागू नाही. हे तिला का जमले? कारण घरात कायदा आधीच होता. बाल्टिमोरचे कृष्णवर्णीय खासदार पॅरेन मिचेल यांच्या प्रयत्नाने १९७७ च्या सार्वजनिक बांधकाम कायद्यात १० टक्के निधी अल्पसंख्याक उद्योगांसाठी राखला गेला आणि १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मलेशियानेही २०१८ च्या पॅसिफिक करारात भूमिपुत्रांच्या प्राधान्यासाठी सवलत लिहून घेतली. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत तर भेदभावाचे बळी ठरलेल्यांना सरकारी खरेदीत प्राधान्य देण्याची तरतूदच आहे.

आमचा मुद्दा एवढाच आहे: करारात तोच हक्क वाचतो जो आधी घरात पक्का केलेला असतो आणि सही करण्यापूर्वी लिहून घेतलेला असतो.

मग आपल्या घरात काय आहे? जानेवारी २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्याने सरकारी खरेदीत दलित-आदिवासींच्या वाट्याची मागणी पुढे आणली. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे डिक्की, उभे राहिले. २०१२ मध्ये केंद्राने सूक्ष्म व लघु उद्योग कायद्याखाली खरेदीचा आदेश काढला: २० टक्के खरेदी या उद्योगांकडून, त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकांकडून. २०१८ मध्ये २० चे २५ टक्के झाले. आपले ४ चे ४ च राहिले. प्रत्यक्ष खरेदी त्याच्याही खूप मागे आहे.

या आदेशात दोन भगदाडे आहेत. पहिले, आपले उद्योजक टेंडरला आले नाहीत किंवा अटीत बसले नाहीत तर आपला वाटा इतर लघु उद्योगांकडून भरून काढता येतो. नोकरीतला अनुशेष निदान मागता तरी येतो, इथे तोही नाही. दुसरे, प्राधान्य उद्योगाच्या आकाराला बांधलेले आहे. आपला माणूस वाढून मध्यम उद्योगात गेला की काही काळाने ते संपते. धंदा वाढला म्हणून जात सुटते का?

या कच्च्या पायावर आता करार येत आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या करारात भारताने सरकारी खरेदीचे प्रकरण स्वीकारले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला. त्यात २० टक्के ब्रिटिश मूल्य असलेल्या पुरवठादाराला केंद्राच्या ठरावीक खरेदीत दुसऱ्या वर्गाच्या स्थानिक पुरवठादाराचा दर्जा देण्याचे ठरले.

काही मित्र म्हणतात, परदेशी कंपनी काही आपल्या वस्तीतल्या फर्निचरवाल्याचे टेंडर घ्यायला येणार नाही. खरे आहे. करारांना रकमेची मर्यादा असते, राज्ये आणि महापालिका ब्रिटनच्या करारात नाहीत, लघु उद्योगांचे प्राधान्यही राखलेले आहे. म्हणून उगाच भीती पसरवू नये. पण एकदा उघडलेले दार पुढच्या करारात अजून उघडायला सांगितले जाते. त्या दिवशी आपल्या बाजूने मांडायला काय असेल? अधिसूचनेने बदलता येणारा एक आदेश?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. हा वाटा संसदेच्या कायद्याने द्या. न भरलेला वाटा पुढच्या वर्षी ओढा. प्रत्येक खात्याची जातवार खरेदी दरवर्षी जाहीर करा. कोणत्याही कराराच्या परिशिष्टात अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद नावानिशी लिहा.

आणि आपलेही काम आहे. उद्यम नोंदणीत प्रवर्ग बरोबर भरा, जेम पोर्टलवर खाते काढा, जातीचा दाखला आणि मालातील देशी वाट्याचे स्वयंघोषणापत्र तयार ठेवा, अनामत रकमेची सूट मागून घ्या. कागद अपुरा म्हणून आपण बाद होतो, आणि मग आकडेवारीत लिहिले जाते की पात्र उद्योजकच नाहीत.

जय भीम, जय संविधान!